नदीकाठचं टेल

पुणतांबा म्हटलं की बाहेरच्या माणसाला १ जून २०१७ आठवतो. या गावच्या ग्रामसभेतून निघालेला शेतकरी संप राज्यभर पसरला आणि रस्त्यावर ओतलेलं दूध सगळ्या वाहिन्यांनी दाखवलं. त्या दुधामागचं पाणी काही कुणी दाखवलं नाही. दूध म्हणजे घास आणि मका, घास-मका म्हणजे पाटाचं किंवा विहिरीचं पाणी, आणि ते कधी येईल, किती येईल, हे गावाच्या हातात नाही. राहाता तालुक्यातल्या या गावात संपाची गोष्ट कर्जमाफीपाशी संपत नाही, ती अशी पाण्यापर्यंत जाते.

गाव गोदावरीच्या उजव्या काठावर. घाट, देवळं, चांगदेवांची समाधी, पावसाळ्यात पायऱ्यांना लागणारं गढूळ पाणी. नदी अशी दारात आहे, तरी शेताला मिळणारं पाणी मागच्या दारानं येतं. दारणा आणि गंगापूरसारख्या धरणांतून सुटलेलं पाणी निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला अडवतात. तिथून उजवा कालवा शंभरावर किलोमीटर चालत येतो आणि शेवटाकडच्या पट्ट्यात पोचेपर्यंत दमून जातो. नदीकाठी असून टेलला, अशी ही स्थिती. शेतकरी पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज भरतो, आवर्तन कधी सुटणार ते विचारत राहतो, चारीला पाणी आलं की रात्री बॅटरी घेऊन बांधावर उभा राहतो.

हे कालवे इंग्रजांनी काढले ते दुष्काळाच्या धास्तीनं. दारणा धरण १९१६ चं. ज्वारी-बाजरीला संकटात दोन पाणी मिळावीत, हा मूळ हिशेब. पण पाणी येताच ऊस आला, उसामागून साखर कारखाने आले आणि बारमाही ब्लॉक पडले. प्रवराकाठी लोणीला १९५० च्या सुमारास सहकारी कारखाना उभा राहिला आणि नगर जिल्ह्याच्या उत्तर भागाचं राजकारणच उसाभोवती फिरू लागलं. पाटानं भिजवलेल्या उसाला हेक्टरी दोन-अडीच कोटी लिटर पाणी लागतं. बाजरीसाठी आखलेल्या पाटाला ते झेपेल कसं? यात शेतकऱ्याला लोभी ठरवणं मला पटत नाही. ज्या पिकाला हमखास गिऱ्हाईक आहे, तेच तो लावणार.

ऊस पाणी पितो, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पण न प्यालेल्या पाण्याचं काय होतं? काळ्या चिकण जमिनीतून ते खाली निचरत नाही. वर्षानुवर्षं पाटाचं पाणी मुरत राहिलं की भूजल वर चढतं, खालचे क्षार सोबत आणतं, उन्हानं पाणी उडतं आणि क्षार वर राहतात. मार्चमध्ये कालव्याखालच्या सखल रानात उतरून पाहा. ढेकळावर पीठ सांडल्यासारखा पांढरा थर असतो. बोटाला लावून चाटला तर जीभ आखडते. एकाच वाफ्यात एका अंगाला ऊस डोक्याच्या वर, दुसऱ्या अंगाला गुडघाभर आणि पिवळा. विहिरीचं पाणी मचूळ. पावसात हीच जमीन चोपण होऊन पाय धरते.

हे नवं दुखणं नाही. दख्खनच्या कालव्यांखालची रानं बिघडत आहेत, हे शंभर वर्षांपूर्वीच लक्षात आलं होतं. १९१६ मध्ये मुंबई सरकारनं त्यासाठी सिंचनाचा खास विभाग काढला. पुढे त्यातूनच खडकवासल्याची आजची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था उभी राहिली. म्हणजे देशातली एवढी मोठी संस्था जन्माला आली ती आपल्या उपळलेल्या शेतांमुळे. उपाय तेव्हाच सापडला होता: चर. पाणी आणणाऱ्या चारीइतकाच पाणी काढून देणारा चरही हवा. चर खोदले गेले, पण पुढे कुठे बुजले, कुठे त्यांत वेडी बाभूळ माजली, कुठे त्यांवरून रस्ता गेला. पाणी मागायला सात नंबरचा अर्ज आहे. चर मोकळा करा म्हणायला कुठल्या नंबरचा अर्ज भरायचा, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

चराची ही गोष्ट जुन्या पाटांपुरती नाही. प्रवरेवरच्या निळवंडे धरणाला मंजुरी मिळाली १९७० मध्ये, त्याच्या डाव्या कालव्यात चाचणीचं पाणी सुटलं ३१ मे २०२३ ला. राहात्याच्या जिरायत गावांनी अर्धं शतक वाट पाहिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी यावं असा तो दिवस. पण वर अकोले तालुक्यात कालव्याच्या पाझरानं लगेच शेतं उपळली.

आता नदीकडे. संत-परंपरेत चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या. पुणतांब्याच्या नशिबी दुसरी पासष्टीही आहे. मध्य ऑक्टोबरला, खरिपाचा वापर धरून, खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या आत असेल तर वरच्या धरणांनी पाणी खाली सोडायचं. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं २०१४ मध्ये असं ठरवून दिलं. ३० ऑक्टोबर २०२३ च्या आदेशानं मुळा, प्रवरा, गंगापूर आणि दारणा धरणसमूहांतून मिळून ८.६ टीएमसी सोडायचं ठरलं, त्यातलं ३.१४ टीएमसी गंगापूर-दारणाचं, म्हणजे गोदावरीच्या पात्रातून, पुणतांब्याच्या घाटासमोरून जाणारं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. मराठवाड्याचा हक्क मी नाकारत नाही; खालच्या लोकांना तहान कमी लागते असं थोडंच आहे? पण पाणी सुटलं की काठावर काय होतं, तेही सांगायला हवं. कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या जातात आणि नदीवरच्या मोटारींची वीज तोडतात. ज्याच्या बांधाशेजारून एवढं पाणी चाललंय, त्याची मोटार मुकी असते.

या सगळ्या मोजणीत खुद्द नदी धरलेली नाही. कालव्याचा वाटा आहे, शहरांचा आहे, जायकवाडीचा आहे. गोदावरीनं उन्हाळ्यात वाहतं राहावं म्हणून काही राखलेलं नाही. वरून नाशिकचं सांडपाणी आणि पाणवेली येतात. पाणवेली नांदूर मध्यमेश्वरला साचतात. गंमत अशी की तिथलाच गाळानं भरलेला बंधारा पक्ष्यांना मानवला आणि २०२० मध्ये तो महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झाला. सिंचनाचं नुकसान पाखरांच्या पथ्यावर पडलं, एवढं एक चांगलं झालं.

वाळूची गोष्ट वेगळी. वाळू म्हणजे नदीचं गाडगं: पूर ओसरला की तिच्यात पाणी राहतं आणि काठच्या विहिरींना हळूहळू मिळतं. ती उपसली की पात्रात खड्डे, चिखल आणि शेवाळ उरतं. २०२३ च्या धोरणानं ६०० रुपये ब्रासनं सरकारी वाळू विकायचं ठरलं आणि पहिलं केंद्र शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात नायगावला निघालं. वाळू स्वस्त झाल्यानं पात्रात ती परत येते असं नाही.

गेल्या मे महिन्यात संध्याकाळी एका बंधाऱ्यावर गेलो होतो. एक म्हातारबाबा फळ्यांच्या फटींत चिखल-गवत कोंबत बसले होते. गळणारं पाणी बोटाएवढं. "बाबा, पाऊस तोंडावर आलाय, आता काय उपयोग?" असं विचारल्यावर ते म्हणाले, "फळ्या काढायला आठ दिवस हायेत अजून. तवर माझी म्हैस प्यायली पाहिजे." आणि पुन्हा खाली वाकून त्यांनी गवताचा बोळा दाबला.