आत्मकथांच्या वाटेने (भाग ६) : दुकानात लिहिलेलं पुस्तक

गेल्या भागात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'विषयी लिहिताना एक प्रश्न राहून गेला होता. दुसऱ्याच्या आयुष्याची खरी गोष्ट आपल्याला इतकी का धरून ठेवते? ती खरी असते म्हणून, हे उत्तर मला पुरत नाही. खरं सरकारी अहवालातही असतं, पण तो वाचताना कुणाची झोप उडत नाही. सांगणाऱ्याने काय पणाला लावून सांगितलं आहे, हे आपल्याला आतून कळतं आणि मग पुस्तक खाली ठेववत नाही.

बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' घ्या. फलटणला त्यांचं किराणा मालाचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की त्या गल्ल्यावर बसून लिहायच्या. नवऱ्याला कळू नये म्हणून लिहिलेले कागद रद्दीखाली लपवायच्या. हे वीसेक वर्षं चाललं. फलटणमध्ये स्थायिक झालेल्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी आग्रह धरला, तेव्हा ते लेखन उजेडात आलं. १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः छापून आलं आणि १९८६ मध्ये त्याचं पुस्तक झालं.

त्यांचं आजोळ असलेल्या वीरगावच्या महारवाड्यातली उपासमार, गावकीची राबणूक, थोरल्या मुलाला पोतराज म्हणून सोडण्याची रीत, हे सगळं त्यात आहे. पण मला हलवून गेला तो खोडा. सासरच्या छळाला कंटाळून पळालेल्या सुनेला धरून आणायचं, तिच्या पायात लाकडाचा जड ओंडका अडकवायचा आणि तशा पायाने तिने घरकाम करायचं. चालताना पाय सोलवटून रक्त यायचं. हे करणारे परके नव्हते. बेबीताईंचेच लोक होते, आणि सासवा त्यात पुढे असत. सवर्णांनी केलेला जुलूम त्या जितक्या रागाने मांडतात, तितक्याच स्पष्टपणे हेही लिहितात. इथे माझा त्यांच्यावरचा विश्वास पक्का झाला. आपल्या माणसांची लाज झाकायची सवय आपल्या सगळ्यांच्याच हाडीमाशी असते, म्हणून ती मोडलेली दिसली की मन थरारतं.

आणि तरीही एक गोष्ट त्यांनी जवळजवळ बाहेरच ठेवली : स्वतःचा संसार. नवऱ्याच्या संशयाबद्दल आणि मारहाणीबद्दल त्या पुढे पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादक माया पंडित यांच्याशी झालेल्या मुलाखतीत मोकळेपणी बोलल्या. ती वाचल्यावर मी पुस्तक पुन्हा हाती घेतलं. खोड्याचं प्रकरण तेच होतं, पण आता ते दुकानातल्या त्या बाईच्या हातचं म्हणून वाचलं जात होतं. अशी दुसरी फेरी जरूर करून पाहा.

पुढच्या आठवड्यात दया पवारांचं 'बलुतं' (१९७८). दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांनाच सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. एकाच माणसाला असे दोघे का व्हावे लागले, ते तेव्हा पाहू.