भूगर्भाचें विद्युत्-चित्र कितपत खरें?

परभणी जिल्ह्यांत पालमच्या परिसरीं विहीर खणावयाची म्हणजे काळ्या पाषाणाशीं गांठ. वर चिकण काळी माती, तिच्याखालीं मुरूम, आणि त्याहून खालीं प्राचीन लाव्हारसाचे थरावर थर. पाणी सांपडतें तें मुरमांत व खडकाच्या भेगांत. अखंड पाषाणांत तें बहुधा नसतें. म्हणून खणण्यापूर्वीं भूमीच्या पोटांत विजेनें डोकावण्याची युक्ति योजतात. कॉनराड श्लुंबर्जे या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ च्या सुमारास तिचे प्रयोग केले होते.

आज एका ओळींत पोलादी खुंट्या ठोकतात. दोन खुंट्यांतून जमिनींत प्रवाह सोडावयाचा व दुसऱ्या दोहोंमधील विद्युद्दाब मोजावयाचा. खुंट्या पालटीत अशीं शेंकडों मापनें घेतात. ओली माती प्रवाहास वाट देते, घट्ट पाषाण त्यास अडवितो. त्यावरून संगणक जमिनीचा उभा छेद रंगांत काढून देतो. कमी रोधाचा निळा पट्टा दिसला कीं शेतमालकाचे डोळे चमकतात! परंतु चिकणमातीचाहि रोध कमीच असतो.

अडचण याहून खोल आहे. हें चित्र छायाचित्रासारखें आपोआप उमटत नाहीं. संगणक आधीं एक भूगर्भ कल्पितो, त्यावर कोणतीं मापनें आलीं असतीं याचें गणित करितो, आणि खऱ्या मापनांशीं मेळ बसेपर्यंत कल्पना सुधारीत जातो. उरलेला फरक टक्क्यांत सांगतात. तो ३ टक्के आला म्हणजे चित्र ९७ टक्के खरें, ही समजूत सर्वस्वी चुकीची होय. कारण अनेक भिन्न भूगर्भ जवळजवळ तींच मापनें देऊं शकतात. वाण्याच्या यादीची बेरीज जुळली म्हणून प्रत्येक जिनसाचा भाव खरा, असें थोडेंच असतें!

पारख करावयाची ती निराळ्या रीतीनें. प्रवाहाच्या व दाबाच्या खुंट्यांची अदलाबदल केली असतां मापन तेंच आलें पाहिजे. न आल्यास खुंट्यांपाशीं पाणी घालून पुन्हां मोजावें. मग निरनिराळ्या आरंभ-कल्पनांपासून चित्रें काढावीं. जो भाग प्रत्येक वेळीं कायम राहतो त्यास मापनांचा आधार आहे. जो बदलतो तो कल्पनेचा. २४० मीटर लांबीच्या ओळीची नजर ढोबळ मानानें ४०-५० मीटरांपलीकडे पोंचत नाहीं. त्याखालीं रंग कितीहि सुरेख दिसोत.

सर्वांत भरंवशाचा साक्षी म्हणजे जुनी विहीर. तिच्यापासून थोडें अंतर राखून ओळ न्यावी, आणि मुरूम कोठें संपतो तें विहिरीच्या भिंतींत मोजावें. तेथें तो ९ मीटरांवर संपत असून चित्रांत १४ मीटर दिसला, तर कूपनलिकेचें यंत्र बोलाविण्यापूर्वीं खुंट्या अधिक जवळ ठोकून ती ओळ पुन्हां मोजावी.