दुर्बिणीआधी बोटं

उजवा कान दुखतोय म्हणून गेलात आणि डॉक्टरांनी आधी डाव्या कानात दुर्बीण घातली, तर त्यांना टोकू नका. चांगला कान आधी, ही रीतच आहे. निरोगी पडदा नजरेत बसतो आणि वाहत्या कानातली घाण इकडे येत नाही.

त्याआधी काम बोटांचं. कानाच्या तोंडाशी असलेला कुर्चेचा छोटा उंचवटा दाबताच किंवा पाळी हलवताच पेशंट कळवळला, तर दुखणं बहुधा बाहेरच्या नळीत. पाळीमागचं हाड दुखतंय, सुजलंय, कान पुढे ढकलल्यासारखा दिसतोय, तर मधल्या कानातला पू हाडात उतरल्याची शंका येते.

नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची, पण वळणाची. म्हणून मोठ्यांचा कान वर आणि मागे ओढून ती सरळ करतात, तान्ह्याचा खाली. (शाळेतल्या कानपिळीचा इथे उपयोग नाही.) दुर्बीण धरलेला हात पेशंटच्या गालावर टेकवायचा, त्यानं मान हलवली तरी नळीला इजा होत नाही. आत स्पर्श होताच काहींना ठसका लागतो, कारण घशाकडे जाणाऱ्या मज्जातंतूचीच एक शाखा इथे येते. निरोगी पडदा मोतिया करडा. त्यावर प्रकाशाचा त्रिकोण चमकतो : उजव्या कानात घड्याळातल्या पाचच्या जागी, डाव्यात सातच्या.

पडदा दिसला, तरी ऐकू किती येतं ते कळत नाही. त्यासाठी ५१२ हर्ट्झचा नादकाटा. वेबर यांची चाचणी १८३४ची, रिने यांची १८५५ची. अजून दोन्ही चालतात. वेबरच्या चाचणीत वाजता काटा कपाळावर मधोमध टेकवतात. एका कानात बोट घालून गुणगुणून बघा, आवाज बंद कानातच मोठा येईल. मळानं किंवा फाटक्या पडद्यानं कमी ऐकू येत असेल, तर काट्याचा नादही तसाच दुखऱ्या कानाकडे जातो. मज्जातंतूचा दोष असेल तर चांगल्या कानाकडे. रिनेच्या चाचणीत काटा कानामागच्या हाडावर आणि मग कानासमोर धरतात. एरवी समोरचा आवाज मोठा वाटायला हवा.

ही पाच मिनिटांची तपासणी टाळणं कधीकधी फार महागात पडतं. सकाळी उठल्यावर एका कानात दडा बसतो, माणूस मळ समजून आठवडाभर थेंब घालत राहतो. नळी मात्र स्वच्छ असते, पडदा ठीक असतो आणि काट्याचा नाद चांगल्या कानात ऐकू येतो. ही मज्जातंतूची अचानक आलेली बधिरता असू शकते. तिच्यावरची स्टिरॉइडची औषधं पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हावी लागतात.