जुने धड, नवे इंजिन



विहिरीवरचे ऑइल इंजिन डिझेल फार खाऊ लागले की घरात ठरलेला वाद सुरू होतो. सगळा संच नवा आणायचा, की पंप आणि पाइप तेच ठेवून नुसते इंजिन बदलायचे? थोरले म्हणतात, पंप धडधाकट आहे, तो मोडीत कशाला काढायचा? धाकटे म्हणतात, जुन्यात पैसा घालण्यापेक्षा नवे घ्या. हाच वाद विमाने बनवणाऱ्या एअरबस कंपनीलाही सोडवावा लागला. तिचा मोठा कारखाना फ्रान्समध्ये तुलूझ या शहरी आहे. त्या वादातून 'ए-३३० निओ' हे विमान तयार झाले.

मूळचे ए-३३० विमान १९९२ साली प्रथम उडाले आणि १९९४ पासून प्रवासी नेऊ लागले. रुंद पोटाचे, दोन इंजिनांचे आणि भरवशाचे असे हे विमान. पुढे अमेरिकेच्या बोइंग कंपनीने 'ड्रीमलायनर' आणले. त्याच्या सांगाड्यात जवळजवळ निम्मे वजन धाग्यांपासून बनवलेल्या हलक्या, मजबूत पदार्थाचे आहे, म्हणून ते इंधन कमी खाते. आता एअरबसने काय करावे? जुन्या ए-३३० ला नवे इंजिन आणि नवे पंख द्यावेत, असे तिने २००४-०५ च्या सुमारास सुचवले. पण मोठ्या गिऱ्हाइकांनी नाक मुरडले. तेव्हा २००६ साली कंपनीने अगदी नवे, ए-३५० नावाचे विमान करायचे ठरवले.

गंमत अशी की जुने विमान तरीही खपतच राहिले. विमान कंपन्यांचे म्हणणे साधे होते. हे विमान स्वस्त आहे, आमच्या वैमानिकांच्या आणि मिस्त्र्यांच्या हातातले आहे, फक्त त्याचे खाणे कमी करा. दरम्यान ड्रीमलायनरसाठी ब्रिटनच्या रोल्स-रॉइसने इंजिन तयार केलेलेच होते. त्यातूनच 'ट्रेंट ७०००' हे इंजिन पुढे आले. २०१४ च्या जुलैमध्ये एअरबसने निओची घोषणा केली. १९ ऑक्टोबर २०१७ रोजी ते प्रथम उडाले आणि २०१८ च्या अखेरीस पोर्तुगालच्या विमान कंपनीकडे पहिले विमान गेले.

इंधन वाचते कसे?

या इंजिनाच्या तोंडाशी असलेला पंखा नऊ फूट चार इंच व्यासाचा आहे. उंच माणूस त्यात हात वर करून सहज उभा राहील. पंख्याने ओढलेली सगळी हवा आत जळायला जात नाही. एक भाग हवा गाभ्यात जाते आणि दहा भाग हवा गाभ्याला वळसा घालून तशीच मागे ढकलली जाते. जुन्या इंजिनात हे प्रमाण एकास पाच होते. थोडी हवा फार वेगाने फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा बेताने ढकलली, तर तेवढाच रेटा कमी इंधनात मिळतो. नावाड्याला काठीपेक्षा रुंद वल्हे बरे, तसेच हे.

मात्र मोठा पंखा म्हणजे वजन जास्त आणि वाऱ्याचा अडथळाही जास्त. म्हणून पंखांचा पसारा १९८ फुटांवरून २१० फूट केला आणि त्यांची टोके वर वळवली. इंजिन टांगण्याचे आधारही नवे केले. एवढे केल्यावर दर आसनामागे इंधन १४ टक्के कमी लागेल, असे कंपनीने सांगितले. या विमानाच्या टाक्यांत सुमारे १ लाख ३९ हजार लिटर इंधन मावते, म्हणजे वीस हजार लिटरचे सात टँकर. तेव्हा १४ टक्के ही बचत लहान नव्हे. इंधन हा विमान कंपनीच्या सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक आहे.

नुसते इंजिन बदलून भागत नाही

बोइंगने '७३७ मॅक्स' या लहान विमानालाही असेच मोठे इंजिन बसवले. ते विमान जमिनीला लागून असल्यामुळे इंजिन पुढे आणि वर सरकवावे लागले. त्याने विमानाचा तोल काही वेळा बदलू लागला. तो सावरण्यासाठी नाक आपोआप खाली करणारी यंत्रणा बसवली, पण ती एकाच मापकावर विसंबून होती. मापकाने चुकीची खबर दिली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात व मार्च २०१९ मध्ये इथिओपियात अशी दोन विमाने कोसळली. ३४६ माणसे गेली. पुढे दीड वर्षाहून अधिक काळ ही विमाने जमिनीवर उभी राहिली. इंजिन बदलले की सगळ्या यंत्राचा हिशेब नव्याने मांडावा लागतो, हा त्यातला धडा.

निओमध्येही सारे आलबेल आहे असे नाही. उष्ण, धुळीच्या हवेत इंजिनाची पाती लवकर झिजतात. ट्रेंट ७००० दुरुस्तीविना जास्त दिवस चालावे म्हणून रोल्स-रॉइसला पुन्हा खर्च करावा लागत आहे. मागणीतही ड्रीमलायनर कितीतरी पुढे आहे. तरी ज्यांना बेताच्या भांडवलात लांबचा पल्ला गाठायचा आहे, त्यांना निओ परवडते.

तुम्ही म्हणाल, याचे आम्हाला काय? मुंबईहून परदेशी जाणाऱ्या प्रवासी विमानांच्या पोटात आपला आंबा आणि भाजीपालाही जातो. विमानाला इंधन किती लागते, त्यावर भाडे काही अंशी ठरते.

आणि आपल्या विहिरीवरचा वाद? पंप खरोखर धड असेल तर इंजिन बदलण्यात कमीपणा नाही. पण नवे इंजिन जास्त ताकदीचे असेल, तर पाया, पुली, पट्टा आणि पाइप ते सोसतील का, हे जाणत्या मिस्त्रीकडून आधी पाहून घ्या. पैसे मोजायचे ते त्यानंतर.