लॅपटॉपला दोष देण्याआधी

पवनी तालुक्यातल्या आसगावात संगणक शिकणाऱ्या मुलाच्या हाती बहुधा एकच लॅपटॉप असतो, तोही अनेकदा कोणाकडून तरी जुना घेतलेला. त्यातल्या विंडोजला धक्का न लावता लिनक्सचं प्रात्यक्षिक करायचं, तर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे विंडोजच्या आतच चालणारा आभासी संगणक, ही सोय उत्तम. तो बनवणारं व्हर्च्युअलबॉक्स फुकट, लिनक्सही फुकट. पण इन्स्टॉलेशन मध्येच अडतं, काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटते आणि निदान लगेच ठरतं: लॅपटॉप जुना झाला, नवा घ्यावा लागेल. चाळीस-पन्नास हजारांचं हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. दोष कोणत्या पायरीवर दिसला, एवढं पाहिलं तरी कारण बरंचसं हाती येतं.

काही जण तर भीतीपोटी तिथवर पोचतच नाहीत. इन्स्टॉलर ‘इरेज डिस्क’ असं विचारतो आणि घरच्यांचे फोटो, कागदपत्रं सगळं पुसलं जाईल या धास्तीने खिडकी बंद होते. इथे डिस्क म्हणजे तुमच्या लॅपटॉपवरची एक फाइल. नेहमीच्या पद्धतीने बनवलेल्या व्हर्च्युअल मशीनला तेवढीच दिसते, तेवढीच पुसली जाते. बेधडक ‘हो’ म्हणा. मात्र ही फाइल गरजेप्रमाणे फुगत जाते. सी ड्राइव्हवर १२ जीबी रिकामे असताना २५ जीबीची डिस्क सांगितली, तरी व्हर्च्युअलबॉक्स तेव्हा कुरकुर करत नाही. जागा संपली की मात्र मशीन थांबवून ठेवतं, आणि आपल्याला वाटतं लिनक्स अडकलं.

‘माझ्या प्रोसेसरला हे झेपत नाही’ हा सर्वांत महाग गैरसमज. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनची सोय द्यायला सुरुवात केली. गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपांत ती असते, फक्त कित्येकदा बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असते. डिसेंबर २०१९ मधल्या ६.१ आवृत्तीपासून व्हर्च्युअलबॉक्स तिच्याशिवाय चालतच नाही. टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूवर जा, ‘व्हर्च्युअलायझेशन’पुढे काय लिहिलंय ते वाचा. ‘डिसेबल्ड’ असेल तर लॅपटॉप चालू होताना एफ२, एफ१० किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये शिरायचं (कळ कंपनीगणिक बदलते). इंटेलवर ‘व्हीटी-एक्स’ किंवा ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि एएमडीवर ‘एसव्हीएम’ नावाचा पर्याय चालू करून, बदल जतन करून बाहेर यायचं. नवा लॅपटॉप घेतला तरी हीच कळ दाबावी लागण्याची शक्यता आहे, हे दुकानदार सांगत नाही.

सोय चालू असूनही मशीन गोगलगायीसारखं सरकत असेल, तर खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय का बघा. थट्टा नाही, व्हर्च्युअलबॉक्सने खरंच कासव ठेवलंय. विंडोजच्या हायपर-व्ही या यंत्रणेने प्रोसेसरची ती सोय आधीच ताब्यात घेतली आहे, असा त्याचा अर्थ. विंडोजमध्ये लिनक्स चालवणारी डब्ल्यूएसएल २ किंवा सुरक्षेतलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असलं की हे घडतं.

गावाकडे जास्त भोवते ती आयएसओ, म्हणजे जिच्यावरून लिनक्स इन्स्टॉल होतं ती फाइल. उबुंटू २४.०४ ची फाइल साधारण सहा जीबीची. दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ती एका दिवसात उतरत नाही. डाउनलोड तुटतं, पुन्हा जोडलं जातं, आणि शेवटी मिळालेली फाइल दिसायला पूर्ण असली तरी आतून खराब असू शकते. मग इन्स्टॉलर अर्ध्यात दगा देतो आणि शिव्या खातो लॅपटॉप. उबुंटू आपल्या फाइलीची एसएचए२५६ बेरीज, म्हणजे फाइलीवरून काढलेली ओळखखूण, प्रसिद्ध करतं. विंडोजमधल्या सर्टयुटिल या आदेशाने आपल्या फाइलीची बेरीज काढून दोन्ही ताडून पाहिल्या की शंकाच मिटते. मित्राकडून पेनड्राइव्हवर आणायची तर आणखी एक अडचण: पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात मावतच नाही, आत कितीही जागा रिकामी असो. एक्सएफएटीने फॉरमॅट करा, काम होतं.

‘नो बूटेबल मीडियम’ ही ओळ त्या मानाने निरुपद्रवी. मशीनला आयएसओ जोडायची राहिली, एवढंच. उलटा प्रकारही होतो. इन्स्टॉलेशन नीट पार पडतं, मशीन पुन्हा सुरू होतं आणि इन्स्टॉलर पहिल्यापासून भाषा विचारू लागतो. फसलं म्हणून पोरं पुन्हा सगळं करतात. काहीच फसलेलं नसतं, ‘स्टोरेज’मधून आयएसओ काढायची तेवढी राहिलेली असते.

व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्सऐवजी विंडोज ११ टाकताना ते ‘हा पीसी चालणार नाही’ म्हणत असेल, तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी असते. व्हर्च्युअलबॉक्स ७.० मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२२ पासून, ती नकली स्वरूपात देता येते. त्याआधीची आवृत्ती असेल तर बदला.

इन्स्टॉल झाल्यावरचीही एक तक्रार ठरलेली: लिनक्समध्ये वायफाय दिसत नाही. दिसणारच नाही. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असला तरी आतल्या मशीनला ते तारेने जोडलेलं नेटवर्क म्हणून मिळतं. ब्राउझर उघडून बघा, नेट चालू असतं.

राहिली मेमरी. ‘जास्त दिली की पळेल’ म्हणून ४ जीबीतले साडेतीन मशीनला दिले, तर विंडोजच गुदमरतं आणि त्याच्यासोबत आतलं मशीनही. उबुंटू २४.०४ डेस्कटॉपची शिफारसच ४ जीबीची आहे. अशा लॅपटॉपवर त्याचा हट्ट सोडावा, हे माझं स्पष्ट मत. आदेश शिकायचे तर चित्रमय डेस्कटॉप लागतो कशाला? डेबियनची नेट-इन्स्टॉल आयएसओ एक जीबीहूनही लहान आहे, म्हणजे एका दिवसाच्या पॅकमध्ये उतरते. इन्स्टॉल करताना थोडं नेट आणखी लागतं, डेस्कटॉपची खूण काढून टाकली की फार नाही. मशीनला एक जीबी मेमरी द्या, पुष्कळ झाली. आणि डेबियनचा इन्स्टॉलर भाषा विचारतो त्या यादीत मराठीही आहे.