मंडळीबाहेरचे ख्रिस्ती

‘येशू मान्य, चर्च अमान्य’ अशी भूमिका घेणारे लोक आज युरोप-अमेरिकेत पुष्कळ आहेत. रविवारची सकाळ मोकळी राहावी म्हणून काढलेली ही पळवाट आहे, असा शेरा मारून तिकडचे धर्मगुरू हा विषय संपवतात. शेऱ्यात तथ्य किती, हे पाहायला महाराष्ट्राबाहेर जाण्याची फारशी गरज नाही. हा प्रश्न इथे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उभा राहिला, तोही अशा माणसांपुढे ज्यांच्यावर आळसाचा आरोप त्यांच्या शत्रूंनीही केला नसता. पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक ही त्यांतली ठळक नावे. दोघांनी बाप्तिस्मा घेतला, दोघांनी ख्रिस्ताला शेवटपर्यंत धरून ठेवले, आणि दोघांनी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणांनी संघटित चर्चच्या चौकटीला नकार दिला. त्यांना बंडखोर म्हणून गौरवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण बंडखोरी ही त्या गोष्टीची निम्मीच बाजू झाली. त्यांनी नाकारली ती मधल्या माणसाची मुखत्यारी. कर्तव्ये नाकारली नाहीत. उलट मिशनने किंवा बिशपने कधी मागितली नसती इतकी कडक शिस्त स्वतःवर लादून घेतली. संस्थेबाहेरची श्रद्धा टिकते ती अशा अटीवरच, असे माझे मत आहे, आणि ज्यांच्या बाबतीत ती टिकली नाही त्यांच्याकडे पाहूनही ते पक्के होते.

रमाबाईंचे प्रकरण अधिक बोलके, कारण त्याचे कागद शिल्लक आहेत. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा व मुलगी मनोरमाचा बाप्तिस्मा झाला. विधवा, परक्या देशात, मठाच्या आश्रयाला, इंग्रजी अजून शिकत असलेली बाई मुकाट्याने मान डोलावील, अशी आश्रयदात्यांची अपेक्षा असणे अस्वाभाविक नव्हते. पुढची दोन-तीन वर्षे मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचला की ही अपेक्षा किती चुकीची होती ते कळते. अथनेशियसच्या नावाने चालणारा मतांगीकार त्यांना म्हणवेना. त्र्यैक्याचा सिद्धांत बायबलमध्ये नेमका कुठे आहे ते दाखवा, असा त्यांचा आग्रह. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, हाही प्रश्न त्यांनी केला, आणि तो पोरकट नव्हता: लॅटिन न जाणणाऱ्या भारतीय बाईने ती अक्षरे मिरवणे म्हणजे न समजणारे मंत्र पुटपुटण्यासारखेच होते. चेल्टनहॅममध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी कल्पना निघाली, तेव्हा भारतातल्या बिशपांची मते मागवण्यात आली आणि ती प्रतिकूल पडली. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितसभेत पुरुषांसमोर संस्कृतात भाषण करून ‘पंडिता’ ही पदवी मिळवली होती, तिने कोणाला शिकवावे हे बिशपांनी ठरवायचे! एका पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच उतरवले असताना दुसरे मानेवर घेण्याची आपली इच्छा नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी १८८५ मध्ये सिस्टर जेराल्डीनना लिहिले.

या उत्तरावर थांबणारे चरित्रकार बरेच आहेत, पण मला त्यापुढची पंचवीस-तीस वर्षे महत्त्वाची वाटतात. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे रमाबाईंनी आपल्या इंग्लंडमधल्या काळाबद्दल नंतर स्वतःच कबूल केले. तो सापडल्याचा काळ त्या १८९१ च्या आसपासचा सांगतात. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, भारतात परतल्यावर, विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाच्या धबडग्यात. तेव्हाही त्या कोणत्या एका पंथाच्या दावणीला बांधल्या गेल्या नाहीत. त्यांनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनला अनेक पंथांच्या लोकांकडून पैसा आणि माणसे मिळाली, तरी ते कोणाची शाखा बनले नाही. याच काळात त्यांनी जे काम अंगावर घेतले ते पाहिले तर ‘पळवाट’ हा शब्द उच्चारायलाही जड जाईल. पाळकाच्या अर्थावर विसंबायचे नसेल तर मूळ ग्रंथ स्वतः वाचता आला पाहिजे, म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला. ग्रंथ साध्या बाईला कळला पाहिजे, म्हणून सगळ्या बायबलचे सोप्या मराठीत एकटीने भाषांतर केले. ते केडगावच्या छापखान्यात, आश्रमातल्या स्त्रियांच्या हातून जुळवले आणि छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. स्वतःच्या विवेकाचा हक्क मागणाऱ्याला त्या विवेकाला किती खाऊ घालावे लागते, याचे यापेक्षा मोठे उदाहरण माझ्या माहितीत नाही.

याच केडगावने एक अडचणही पुढे केली आहे आणि ती लपवणे बरोबर नाही. संस्थेच्या बाहेर पडलेले माणूस कर्तृत्ववान असेल तर बहुधा स्वतःच संस्था होऊन बसते. १८९६ पासूनच्या दुष्काळांतून रमाबाईंनी मुली आणि स्त्रिया वाचवून आणल्या, त्यांची संख्या हजारावर गेली. अन्न, वस्त्र, अक्षरओळख आणि प्रार्थना एकाच हातून मिळत असताना त्या मुलींनी स्वीकारलेला धर्म त्यांनी स्वतः शोधलेला होता असे म्हणणे कठीण आहे. वाँटेजमध्ये रमाबाईंनी जो हक्क मागितला तो त्यांच्या छत्राखालच्या प्रत्येकीला तितकाच मोकळा होता का? १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठले आणि समाजसुधारक रानडे, भांडारकर यांनी सदनाचे सल्लागार मंडळ सोडले. त्या वेळच्या टीकेत पुष्कळ जातीय आकस होता, तरी हा प्रश्न मात्र खरा होता. व्यक्तिगत श्रद्धेला दुसऱ्यावर सत्ता मिळाली की तिचीही एक गादी तयार होते.

टिळकांची वाट वेगळी. रमाबाईंनी आरंभीच चर्चशी वाद घातला. टिळक २२ वर्षे मिशनच्या आत राहून मग बाहेर आले. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अध्यापन केले, रीतसर पाळकाची दीक्षा घेतली, ‘ज्ञानोदय’चे संपादन केले. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकाच पंगतीला बसायचे होते. ही कल्पना तेव्हा किती धाडसाची होती ते आज पटकन ध्यानात येत नाही. मिशनच्या वहीत माणूस आत आहे की बाहेर, हे बाप्तिस्म्याच्या नोंदीवर ठरे. टिळकांनी ती रेघच पुसायला घेतली. यामागे तिरसटपणा नव्हता. एकट्या अहमदनगर जिल्ह्यात अमेरिकन कॉन्ग्रिगेशनल आणि इंग्लंडहून आलेले अँग्लिकन अशी दोन मिशने एकमेकांच्या शेजारी आपापल्या वह्या सांभाळत होती, आणि त्या दोन्हींतल्या भेदाचा मराठी माणसाच्या आयुष्याशी काडीचाही संबंध नव्हता. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक मानत. वारकऱ्याची माळ, एकादशी, वारी आणि नामस्मरण ही बंधने मठाधिपतीच्या हुकमावाचूनही पिढ्यान्‌पिढ्या पाळली जातात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. अभंग आणि कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले ते सजावटीसाठी नव्हे. गुरुवाचून, दीक्षेवाचून शिस्त चालू ठेवण्याचे ते मराठी मुलखात सिद्ध झालेले साधन होते.

दरबार चालला जेमतेम दीड-दोन वर्षे. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि तो उपक्रम त्यांच्या मागे उभा राहू शकला नाही. इथे पहिला मोठा आक्षेप येतो: संस्था नसेल तर श्रद्धा एका माणसाच्या आयुष्याबरोबर विझते, पुढच्या पिढीला काय देणार? टिळकांपुरते याचे उत्तर निम्मे आहे. दरबार गेला, गीते राहिली. ‘उपासना संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांचा वाटा मोठा आहे. पण तो संग्रह मंडळ्यांनीच छापला आणि गायला, हे आक्षेपकाने दाखवून दिले तर ते मान्य करावेच लागेल. पूर्ण उत्तर हवे असेल तर जपानकडे पाहावे लागते. टिळकांच्याच साली, १८६१ मध्ये जन्मलेला उचिमुरा कांझो हा सामुराई घराण्यातला गृहस्थ सापोरोच्या कृषी महाविद्यालयात ख्रिस्ती झाला, परदेशी मिशनांच्या पंथभेदांना विटला आणि १९०१ मध्ये त्याने ‘मुक्योकाई’, म्हणजे ‘चर्चवाचून’, या नावाचे मासिकच काढले. त्याच नावाने उभ्या राहिलेल्या चळवळीत पाळक नाही, बाप्तिस्मा आवश्यक नाही, प्रभुभोजनाचा विधी नाही. आहे ते फक्त बायबलचा चिवट, ओळीओळीने चालणारा सामूहिक अभ्यास. उचिमुरा १९३० मध्ये वारला आणि चळवळ चालू राहिली. १९३७ मध्ये जपानच्या युद्धखोरीवर टीका केल्याबद्दल टोकियोच्या शाही विद्यापीठातली जागा सोडावी लागलेले यानाइहारा तादाओ हे उचिमुराच्या वर्गातले. युद्धानंतर तेच त्या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. याउलट संघटित प्रॉटेस्टंट चर्चपैकी बहुतेकांना सरकारच्या दडपणाखाली १९४१ मध्ये एका छत्राखाली यावे लागले. नोंदणीकृत संस्थेला सरकार वेठीला धरू शकते. घराघरांत पुस्तक उघडून बसलेल्यांना धरणे त्याहून अवघड. तेव्हा टिकण्यासाठी संस्थाच लागते असे नाही. पण नियमित, ठरलेला, दुसऱ्यांच्या सोबतीने होणारा एखादा उद्योग मात्र लागतो. टिळकांना तो घडवायला आयुष्य पुरले नाही.

दुसरा आक्षेप धर्मगुरू नेहमी घेतात आणि तो हलका नाही: चर्च सोडले की प्रत्येक जण स्वतःचा पोप होतो, सोयीचे वचन धरतो, गैरसोयीचे सोडतो. याचे उदाहरणही आपल्याच परिसरात मिळते. व्हेरिअर एल्विन हा तरुण अँग्लिकन पाद्री १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला. टिळकांचे चरित्र लिहिणाऱ्या जे. सी. विन्स्लो यांनी काढलेला हा संघ. गांधीजींचा सहवास, मग श्यामराव हिवाळे या मराठी सहकाऱ्याबरोबर मंडला भागातल्या गोंडांत वस्ती, बिशपशी निष्ठेच्या शपथेवरून खटका, आणि १९३५ च्या सुमारास चर्चशी फारकत. एल्विन मोठा मानवशास्त्रज्ञ झाला, प्रामाणिक माणूस राहिला. पण त्याची ख्रिस्तश्रद्धा चर्चबरोबरच ओसरली. आक्षेपक म्हणेल, बघा! मी त्यात वेगळे पाहतो. एल्विनने चर्च सोडल्यावर प्रार्थनेच्या, वाचनाच्या जागी त्याच तोलाचे काही बसवले नाही, त्याला ते बसवायचेही नव्हते. त्याचे मन दुसऱ्या कामात रमले. रमाबाईंनी बसवले. स्वतःचा पोप होण्याची भीती खरी आहे, पण हिब्रू व्याकरण शिकून मजकूर तपासणारी बाई सोयीचे वचन धरणारी नव्हे. शिवाय सोयीचे वचन निवडण्याचा रोग चर्चच्या आत नाही असे कोण म्हणेल? अहमदनगरच्या खेड्यांतल्या मंडळ्यांत महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्या रांगा वेगळ्या राहिल्याच.

या खेड्यांचा उल्लेख आला की तिसरा आक्षेप टाळता येत नाही, आणि तीनही आक्षेपांत मला तोच सर्वांत जड वाटतो. रमाबाई आणि टिळक दोघेही ब्राह्मण, संस्कृत शिकलेले, नावाजलेले. चर्चबाहेर उभे राहण्याची ऐपत त्यांना होती. गावकुसाबाहेरच्या ज्या माणसाला मिशनने शाळा दिली, दवाखाना दिला, त्याने ‘मला ख्रिस्त हवा, मंडळी नको’ म्हणावे कसे? त्याच्यासाठी मंडळी हाच पहिला समाज होता ज्यात त्याच्या नावाची नोंद झाली. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने ख्रिस्ती दलिताला सवलतींबाहेर ठेवले, तेव्हा तर संस्थेचा आधार आणखी गरजेचा झाला. हा आक्षेप मी खोडून काढू शकत नाही. इतकेच म्हणेन की त्यावरून संस्थेची उपयुक्तता सिद्ध होते, श्रद्धेवरची तिची मालकी होत नाही. मालकीचा दावा नसता तर शाळा-दवाखाने कमी पडले असते असे मानायला कारण नाही. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा दाखला इथे घेण्यासारखा आहे. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षे त्या हिंदू राहिल्या. जातिभेद माणसाने केला की देवाने, याचा निकाल त्यांनी आपल्या मनाशी लावला, आणि मगच १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. शालेय शिक्षण नसलेल्या या बाईने धर्मगुरूच्या शिकवणीची वाट पाहिली नाही, आणि नवऱ्याच्या घाईलाही दाद दिली नाही.

व्यवहाराच्या अडचणी शेवटी उरतातच. लग्नापुरता मार्ग सोपा आहे: १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात पाळकाखेरीज विवाह निबंधकाचीही तरतूद आहे, आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा सर्वांनाच खुला आहे. मरणाचे तसे नाही. दफनभूम्या बहुतेक ठिकाणी चर्चच्या किंवा ख्रिस्ती न्यासांच्या ताब्यात असतात, आणि वर्गणीच्या वहीत नाव नसलेल्याच्या नातेवाइकांना ऐन दुःखात विनवण्या कराव्या लागतात. ज्या पंथभेदांना टिळक कंटाळले त्यांतले बरेच २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारत चर्चच्या स्थापनेने मिटले. दफनाचा प्रश्न मिटवायला तेवढ्या मोठ्या अधिवेशनाचीही गरज नाही, न्यासांनी एक साधा ठराव केला तरी पुरे, आणि तो करावा. या विषयात मुळापासून शिरू पाहणाऱ्या वाचकाने रमाबाईंच्या पत्रव्यवहारापासून सुरुवात करावी. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये काढला. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ त्यानंतर वाचावीत, कारण एका माणसाच्या श्रद्धेची किंमत त्याच्या घराला काय पडते, याचा हिशेब फक्त त्यातच आहे.