वाटी, पळी आणि वही

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के निघाले, तर गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. चार माणसांत एक असे हे प्रमाण पाळीसारख्या गावानेही मनावर घ्यायला हवे. आजोबांनी शेतात आणि कुळागरात राबून जेवढे शीत पचवले, तेवढेच आज खुर्चीवर बसून काम करणाऱ्याच्या ताटात पडते.

म्हणून डॉक्टर सांगतात, ‘कॅलरी मोजा.’ पालक उत्साहाने वही घालतात आणि आठव्या दिवशी ती कपाटात जाते. दोष बहुधा मोजण्याच्या पद्धतीत असतो. प्रत्येक घास तोलणे कोणालाच जमणारे नाही.

कॅलरी हे अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचे माप. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा प्रथिने सुमारे ४ कॅलरी देतात, एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ ९. चहाचा चमचाभर साखर २० कॅलरी, तेवढेच तेल ४५. तेल, खोबरे, काजू दिसायला थोडे, हिशेबाला भारी.

तेव्हा माणसे मोजण्याऐवजी भांडी मोजावीत, तीही एकदाच. आपल्या घरची वाटी, आमटीची पळी आणि तांदळाचे माप यांत किती ग्रॅम मावते ते वजनकाट्यावर पाहून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. तांदूळ शिजवण्यापूर्वी मोजणे सोपे; १०० ग्रॅम तांदळाचे सुमारे ३५० कॅलरी धरावेत. त्याच वाटीत शीत घेतले तर तांदूळ जास्त, पेज घेतली तर पाणी जास्त. उकड्या तांदळाची पेज पोट भरते, पण हिशेबात हलकी बसते ती एवढ्यासाठी.

तेल तर रोज मोजूच नये, महिन्याला मोजावे. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल लागत असेल, तर ते साधारण ४ किलो ६०० ग्रॅम भरते. माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ३४५ कॅलरी फक्त तेलाच्या! महिन्याला एक लिटर कमी आणले की माणशी रोज सुमारे ७० कॅलरी आपोआप घटतात, आणि जेवताना कोणाच्या ताटाकडे बघत बसावे लागत नाही. नारळाचेही तसेच. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये ४०० च्या आसपास कॅलरी असतात. खोबरे सोडा असे गोव्यात कोण सांगणार? पण हुमणाला अर्धा नारळ लागतो की अख्खा, एवढे लिहून ठेवता येते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत मुख्यतः कच्चे जिन्नस आहेत. आपल्या स्वयंपाकघरातली उसळ त्यांत सापडणार नाही. नेहमीच्या दहा-बारा पदार्थांचा हिशेब एका रविवारी मांडून ठेवला, की पुढे ‘उसळ दीड वाटी’ एवढेच लिहायचे.

उत्साह टिकवायचा प्रश्न उरतो. २००८ साली अमेरिकेत सुमारे १,७०० लोकांवर झालेल्या अभ्यासात, रोज आहाराची नोंद ठेवणाऱ्यांचे वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या दुप्पट उतरले. नोंद जेवल्याबरोबर करावी. रात्री आठवून लिहिताना चहाबरोबरची मिक्श्चर हमखास विसरली जाते. एखादा दिवस चुकला तर तो कोरा सोडावा, अंदाजाने भरू नये. चतुर्थीच्या दिवसांत नुसती नेवऱ्यांची संख्या लिहिली तरी पुरे, वही बंद पडत नाही. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी पाहावे. रोज काट्यावर उभे राहणारा लवकर हिरमुसतो, कारण शरीरातल्या पाण्यामुळेच वजन किलोभर इकडेतिकडे होते.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये. साखर एकदम उतरते. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमचे वाढीचे वय आहे, तुम्ही स्वतःचे घास मोजायचे नाहीत. तुमच्याकडे गणित असू द्या: तेलाच्या डब्यावर तारीख घालणे, महिनाअखेरीस भागाकार करणे.

वही कपाटात ठेवू नये. जेवणघरात खिळ्याला टांगून, सुतळीने पेन्सिल बांधून ठेवावी.